ताराबाईंची पंपाची नाव

मित्रांनो, मी शेतावरचा एक जुना पाण्याचा पंप आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. लोखंडाला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण पंपाचा सगळा जन्म एकाच काळजीत जातो. पोटात पाणी असेल तोवर तो पंप. पाण्याऐवजी हवा शिरली की तो नुसताच गरगरतो, तापतो आणि बघता बघता निकामी होतो. म्हणून इंजिनाचा पहिला ठोका ऐकला की मला धडकी भरे. आज पाणी येईल ना, एवढेच मनात असे.

माझा जन्म सांगलीकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतले, थंड झाल्यावर साचा फोडला आणि गोगलगायीसारखे गोल वळलेले माझे अंग बाहेर आले. माझ्या पोटात वाकड्या पाकळ्यांचा एक पंखा बसवला. माझे काम तसे सोपे आहे. मधल्या तोंडाने पाणी आत ओढायचे, पंख्याने ते गरगर फिरवायचे आणि दुसऱ्या तोंडाने जोराने बाहेर फेकायचे. मालगाडीने मी अकोल्याला आलो आणि तिथून बैलगाडीने पूर्णा नदीच्या काठी, धामणखेड नावाच्या गावी. ते साल चौपन्नच्या आसपासचे असेल.

त्या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी खारे. ते पिकाला चालत नाही. म्हणून खुशालराव नावाच्या शेतकऱ्याने नदीचे पाणी वर शेतात चढवायला मला आणले. इंजिन मात्र त्यांची बायको मनकर्णाबाई चालवत. इंजिन सुरू करण्याचे हँडल एकदा उलटे फिरून खुशालरावांच्या दंडावर बसले होते. तेव्हापासून ते इंजिनापासून लांबच उभे राहत आणि तिथूनच सूचना देत. मनकर्णाबाई पदर खोचून हँडल मारत. इंजिनाने वेग घेतला की लांब पट्टा माझ्या चाकावर चढवत. चालत्या इंजिनावर पट्टा चढवणे फार जोखमीचे असते. गावात ते दोघा-तिघांनाच जमे, आणि त्यांत त्या एक होत्या. दसऱ्याला त्या मला हळदकुंकू लावीत, झेंडूचे फूल वाहत. ते दिवस सुखाचे होते, पण माझी काळजी काही सुटली नव्हती.

एका हिवाळ्यात खुशालरावांनी आपल्या वकिलांना हुरडा खायला बोलावले. वामनराव वकील अकोल्याचे. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी ताराबाई आल्या होत्या. त्या अकोल्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. अंगाने बारीक, डोळ्यांना चष्मा आणि एखाद्या गोष्टीकडे बघू लागल्या की जेवणाखाण्याचे भान नसे.

त्या दिवशी माझ्या पुढच्या तोंडाला नवी रबरी नळी जोडली होती आणि तिचे टोक बांधायचे राहून गेले होते. इंजिन सुरू झाले, पाणी आले, आणि नळीचे टोक एकदम उलटे मागे सरकले. तिथे उभा असलेला एक गडी चिखलात आडवा झाला. सगळे पोट धरून हसले. ताराबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा तसेच करून दाखवायला सांगितले. या खेपेला नळीचे टोक त्यांनी स्वतः छातीशी धरले आणि पाण्याच्या जोराने त्या पाय रोवलेले असतानाही मागे मागे घसरत गेल्या. लुगडे चिखलाने भरले. वामनराव रागावले. पण ताराबाई नदीकडे बघत होत्या. तिथे पुंजाराम भोई बांबू टेकत टेकत आपली नाव पलीकडे नेत होता.

पूर आल्यावर तू काय करतोस, असे त्यांनी त्याला त्याच संध्याकाळी विचारले. पुंजारामने सरळ सांगितले की पुरात बांबू तळाला टेकत नाही, मग नाव काठावर ओढून ठेवावी लागते. नदीआधी तिला मिळणारा नाला फुगतो. नाल्यापलीकडे उंचवट्यावर त्याची भोईवाडी आहे. तिला चारी बाजूंनी पाणी लागते आणि माणसे घरांवर चढून पाणी उतरायची वाट बघतात. दर वर्षी पाणी उतरते. एखाद्या वर्षी नाही उतरले तर काय, हे कोणी बोलत नाही.

मोठ्या जहाजांना पाठीमागे पाण्यात फिरणारा पंखा असतो, त्याच्या जोरावर ती पुढे जातात, हे ताराबाईंना ठाऊक होते. पण समुद्र खोल असतो. इथे पूर शेतांवरून पसरतो. कुठे गुडघाभर पाणी, खाली कपाशीचे पीक आणि बाभळीची खोडे. बाहेर काढलेला पंखा पहिल्याच शेतात मोडला असता. पंखा नावेच्या पोटातच ठेवला आणि नुसते पाणी मागे फेकले तर? नळी माणसाला मागे ढकलते, तशी ती नावेला पुढे ढकलेल. हे सगळे त्यांनी खुशालरावांना काठीने मातीत रेघा ओढून समजावले आणि मला मागितले.

खुशालरावांना आधी थट्टा वाटली. मनकर्णाबाई रेघांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की उन्हाळ्यात पंप तसाही रिकामाच पडून असतो.

मित्रांनो, मला मात्र त्या रात्रीपासून घोर लागला. मी काठावरचा प्राणी. नदीचे पाणी ओढावे, पण नदीत उतरावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. ताराबाई दर रविवारी अकोल्याहून एसटीने येत आणि फाट्यापासून चालत. नाव पुंजारामची होती. तिच्या तळाला मोठे भोक पाडायचे आहे हे कळल्यावर तो उठून गेला आणि पुढच्या दोन रविवारी आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो खांद्यावर करवत घेऊन.

"नाव माही हाय," तो म्हणाला. "भोक पाडाचंच असन तं मीच पाडतो."

त्याने भोक पाडले. ते पाडताना तो कोणाकडे बघत नव्हता. त्या भोकावर ताराबाईंनी लाकडी पेटी बसवली. पेटीच्या भिंती बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच, म्हणजे पाणी पेटीत चढेल पण नावेत येणार नाही. भोकाला गजांची जाळी लावली. पेटीच्या एका भिंतीला माझे ओढायचे तोंड जोडले आणि फेकायचे तोंड नळीने नावेच्या मागे पाण्याखाली काढले. नळीचे टोक डावी-उजवीकडे फिरवता येई, म्हणजे सुकाणूही तेच. शेजारी इंजिन बसवले. नाव दाबून खाली बसली आणि मला वाटले की आता आपण बुडालो.

पहिल्या दिवशी नाव भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरली. दुसऱ्या वेळी पेटी गळली. नंतर एकदा नळी निसटली आणि काठावरच्या सगळ्या माणसांना आंघोळ घडली. अकोल्यात ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. जिथली मोर्णा नदी उन्हाळ्यात धोतर न भिजवता ओलांडता येते, तिथल्या वकिलांची मुलगी जहाज करते आहे, असे कोर्टाच्या आवारात बोलले जाई. वामनराव ते ऐकून घेत. लेकीच्या लग्नाचे बोलणे त्या वर्षी दोनदा लागले आणि दोनदा मोडले, असे मनकर्णाबाईंनी एकदा हळू आवाजात पुंजारामला सांगितलेले मी ऐकले.

अखेर एका सकाळी नाव डोहातून सरळ गेली. मागे पाण्याची पांढरी रेघ उठली. पुंजाराम नळीच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातातला बांबू कोरडा होता. ताराबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

पण त्यांचे समाधान फार टिकले नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिले गढूळ पाणी आले आणि माझा सगळा दोष उघडा पडला. गवत, काड्या, कपाशीची वाळलेली झाडे म्हणजे पऱ्हाट्या जाळीवर येऊन बसत. काही गजांमधून आत शिरत आणि माझ्या तोंडात अडकत. मग पेटीतले पाणी खाली जाई, मी हवा ओढू लागे आणि नाव जागीच थांबे. ताराबाईंनी गज जवळ केले तर जाळी लवकर भरे. दूर केले तर कचरा आत येई. दोन पावसाळे त्या याच एका अडचणीशी झगडल्या.

वामनरावांना वाटले की हे काम कुठेतरी मार्गी लागावे. पूरग्रस्त गावांचे काम बघणाऱ्या एका मोठ्या साहेबांना त्यांनी खटपट करून धामणखेडला आणले. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. नदी म्हणजे एकामागे एक डोह, पाणी काचेसारखे. साहेब जीपमधून उतरले, छत्रीखाली उभे राहिले. मनकर्णाबाईंनी इंजिन सुरू केले. मी त्या दिवशी इतका चांगला चाललो की मलाच माझे नवल वाटले. नाव गेली, वळली, कडेच्या उथळ पाण्यातून न अडता परत आली. साहेबांनी खूश होऊन सांगितले की या पावसाळ्यातच अशा काही नावा करून घेऊ. वामनरावांचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी मी तो तसा पाहिला.

ताराबाई नावेतून उतरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, पुरातलं पाणी असं नसतं."

मग त्यांनी मनकर्णाबाईंना काठावरचे गवत आणि पऱ्हाट्या टोपलीत भरून आणायला सांगितले. नाव पुन्हा निघाली. टोपली तिच्यापुढे पाण्यात रिकामी झाली. थोड्याच वेळात माझ्या पोटात हवा शिरली, मी खडखडलो आणि नाव डोहाच्या मध्यावर उभी राहिली. पुंजारामने ती बांबूने काठाला आणली. साहेब सभ्य माणूस होते. यंत्र पुरे झाल्यावर कळवा, असे सांगून ते निघून गेले. पुन्हा ते आले नाहीत.

वामनराव झाडाखाली बसले होते. जवळ आलेल्या लेकीला त्यांनी विचारले की हुकूम निघाल्यावर सांगितले असते तर काय बिघडले असते. दुरुस्ती नंतरही करता आली असती.

"बाबा, तोवर त्या नावेत कोणी बसलं असतं तर?" ताराबाई म्हणाल्या.

मला बोलता येत असते तर मी काय म्हणालो असतो, ते मला सांगता येत नाही. मला वामनरावांचाही चेहरा बघवत नव्हता.

त्यानंतर ताराबाईंनी एक उपाय शोधला. अकोल्याच्या लोहाराकडून त्यांनी लोखंडी फणी करून घेतली. केसांत फणी फिरवावी तशी ती आतून दांड्याने जाळीच्या गजांमधून फिरवायची आणि अडकलेला कचरा बाहेर लोटायचा. ती फणी घेऊन त्या श्रावणातल्या एका शनिवारी आल्या. ती बसवायला नाव काठावर घेऊन उलटी करावी लागणार होती. पुंजारामने नाव नाल्याच्या अलीकडे आणून बांधली. माणसे बोलवायला तो गावात गेला.

इकडे पाऊस नव्हता. ऊन पडले होते, कपाशी डोलत होती. पाऊस झाला होता वर मेळघाटात, आदल्या दिवशी. तो आम्हाला दिसला नाही. दिसले ते पाणी. आधी नाल्याचे पाणी उलटे वाहू लागले, कारण नदीच फुगून त्यात शिरत होती. मग ते शेतात आले. बांधावरून, कपाशीच्या ओळींमधून, आवाज न करता येत राहिले. ऊन तसेच होते. त्या उन्हात ते पाणी बघताना मला जी भीती वाटली तशी अंधारातही कधी वाटली नाही.

दुपारपर्यंत भोईवाडी बेट झाली. कर्ते पुरुष बाजाराला गेलेले. वाडीत बायका, मुले, म्हातारी माणसे. पुंजारामची बायको पार्बताबाई, तिची सासू आणि मुले तिथेच होती. पाणी पहिल्या घरांच्या भिंतींना लागले आणि मातीची एक भिंत सगळ्यांच्या देखत बसली. पलीकडून हाका ऐकू येत होत्या. मधली शेते उथळ होती, तिथे बांबू चालला असता. पण नाला आता खोल झाला होता आणि त्याची धार नावेला सरळ खालच्या बाभळींच्या रानात घेऊन गेली असती.

पुंजाराम धावत आला आणि नावेची दोरी सोडू लागला.

"बाई, तुमी म्हनता नाव अडते," तो म्हणाला. "अडू द्या. तिकडं माही पार्बता हाय, लेकरं हायेत. मी चाललो."

ताराबाईंच्या हातात ती फणी होती. ती बसवायला वेळ नव्हता. त्यांनी ती खाली ठेवली आणि सांगितले की एकट्याने जमणार नाही, पेटीजवळ कचरा काढायला माणूस लागेल, त्या येतील. मनकर्णाबाई तोवर नावेत चढूनही बसल्या होत्या. खुशालरावांनी काठावरून दोन-तीनदा 'तू नको जाऊ' म्हटले. त्या त्यांच्याकडे न बघता ताराबाईंना म्हणाल्या, "कुठं अडते तेवढं सांगा मले. बाकी मी पायतो."

ताराबाईंनी सांगितले. पेटीतले पाणी खाली जाऊ लागले की त्या हात वर करतील. तेव्हा इंजिनाचा वेग कमी करायचा, म्हणजे पेटीत हात घालून कचरा काढता येईल. पण तेवढा वेळ नाव धारेच्या स्वाधीन असेल. फार वेळ लागला तर बाभळी आहेत. हे सगळे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि काही लपवले नाही.

आम्ही निघालो. कपाशीच्या शेतांवरून जाताना झाडांचे शेंडे नावेच्या तळाला घासत होते. नाल्यात शिरताच धारेने नाव तिरकी झाली, पण मी पाणी फेकत राहिलो आणि ती सरकत सरकत पलीकडे लागली. पहिल्या खेपेला लहान मुले आली. दुसऱ्या खेपेला लेकुरवाळ्या बायका. दोन्ही वेळा ताराबाईंचा हात वर गेला, इंजिन मंद झाले, कचरा निघाला आणि आम्ही वाचलो. प्रत्येक वेळी मला वाटे की आता हे शेवटचे.

शेवटच्या खेपेला पार्बताबाई, तिची सासू आणि उरलेली म्हातारी माणसे होती. आधी लेकरे आणि शेजारणी जाऊ देत म्हणून पार्बताबाई मागे राहिली होती. नाव भरून खाली दबली. नाल्याच्या मध्यावर आलो तेव्हा मुळांसकट उपटलेले कपाशीचे एक झाड जाळीवर येऊन आदळले. त्याच्या फांद्या गजांमधून आत आल्या आणि थेट माझ्या तोंडात शिरल्या. पेटीतले पाणी एकदम तळाला गेले. माझ्या पोटात हवा भरली. मी नुसताच किंचाळत फिरू लागलो.

ताराबाईंनी हात वर केला, पण नाव आडवी होऊन वेगाने बाभळींकडे निघाली होती. थांबायला वेळ नव्हता. त्यांनी तसाच पेटीत हात घातला आणि फांद्या ओढू लागल्या. मित्रांनो, त्यांची बोटे माझ्या तोंडाशी आली. माझा पंखा फिरत होता. मला तो थांबवता येत नव्हता. ज्या हातांनी मला इथवर आणले ते हात माझ्या पाकळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि मी ओढतच होतो.

ते मनकर्णाबाईंनी पाहिले. इंजिन बंद केले असते तर ते त्या हिंदकळत्या नावेत पुन्हा सुरू झाले नसते. त्यांनी शेजारचे लाकूड उचलून चालता पट्टाच माझ्या चाकावरून खाली पाडला. इंजिन धडधडत राहिले आणि मी थांबलो. ताराबाईंनी दोन्ही हातांनी झाड ओढले. ते मोडले, बाहेर आले, पेटी भरली. पहिली बाभूळ नावेच्या कडेला घासली. पुंजारामने बांबू खोडाला टेकवून सगळा भार घातला आणि कोणीतरी देवाचे नाव घेतले.

आता पट्टा परत चढवायचा होता. घरच्या जमिनीवर मनकर्णाबाई ते सहज करत. इथे पायाखालची फळी हलत होती. त्यांनी पट्टा चाकाला लावला, तो चढला, आणि चढता चढता त्यांचे मनगट त्याच्यात सापडले. हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. त्यांनी ओठ आवळले आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचा वेग वाढवला. माझ्या तोंडात लाकडाचा एक तुकडा राहिला होता. पंखा फिरताच तो पाकळीला अडला आणि एक पाकळी कडकन तुटली. पण पाणी आले. मी थरथरत, धडधडत, अर्ध्या जोराने पाणी फेकत राहिलो. बाभळी मागे पडल्या. खाली बऱ्याच अंतरावर नाव एका बांधाला लागली आणि खुशालराव कमरेएवढ्या पाण्यातून धावत आले.

वाडीतली सगळी माणसे वाचली. घरे मात्र बहुतेक बसली.

मनकर्णाबाईंचा हात अकोल्याच्या दवाखान्यात प्लॅस्टरमध्ये घातला. तो जुळला, पण थोडा वाकडा. त्यानंतर त्या हँडल मारू शकल्या नाहीत. ताराबाई त्यांना भेटायला येत आणि उशाशी बसत. नावेकडे त्या फिरकल्या नाहीत. लोखंडी फणी गोठ्यात गंजत पडली.

एक दिवस मनकर्णाबाईंनीच विषय काढला. "काहून सोडलं काम?" त्यांनी विचारले.

ताराबाई म्हणाल्या, "यंत्र अडणार हे मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला नेलं."

"मले सांगून नेलं ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कुठं अडते, काय होईन, समदं सांगतलं. मंग मी माह्या मनानं गेली. तुमी काहून रडून राहिल्या?"

ताराबाई रडायच्या थांबल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या जेवून गेल्या.

खुशालरावांनी नवा पंप आणला. मला गोठ्यामागे टाकले. तिथे मी काही वर्षे पडून होतो. माझ्या पोटात माती साठली आणि एका कोंबडीने तिथे घर केले. भंगारवाल्याची हाक ऐकली की मी हादरत असे. ती हाक कधी जवळ येई, कधी दूर जाई. तिची मला पुरापेक्षा कमी भीती नव्हती.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. ताराबाई एक इंग्रजी मासिक घेऊन आल्या आणि ओसरीवर मनकर्णाबाईंना चित्रे दाखवू लागल्या. समुद्रापलीकडच्या एका देशात, अशाच उथळ आणि दगडगोट्यांच्या नद्यांवर, एका माणसाने पंपाने पाणी मागे फेकणारी नाव तयार केली होती. ती फार वेगाने धावत होती. तिच्याही तळाला जाळी होती. आणि पाण्याचा फवारा त्याने पाण्याखाली न सोडता वर, हवेत सोडला होता. ताराबाई ते बोटाने पुन्हा पुन्हा दाखवत होत्या. आपली नळी पाण्याखाली होती, तिथेच अर्धा जोर वाया जात होता, असे त्या म्हणाल्या. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही.

दुसऱ्या कोणी आधी केले याचे वाईट वाटते का, असे मनकर्णाबाईंनी विचारले.

ताराबाईंनी मासिक मिटले. "वाटतं," त्या म्हणाल्या. "पण काकू, मी वेडी नव्हते. हे आज कळलं."

मग त्या हसल्या. त्या हसण्यात थोडे रडू मिसळले होते, पण ते हसणेच होते. त्याच दिवशी त्यांनी खुशालरावांना विचारून मला एसटीच्या टपावर घातले आणि अकोल्याला शाळेत नेले.

तिथे मला आणखी एक धक्का बसायचा होता. शाळेच्या आवारात एक मिस्त्री आला आणि त्याने माझ्या अंगावर करवत ठेवली. मला वाटले, भंगारच झाले आपले. दोन दिवस तो मला कापत होता. माझ्या गोल अंगाची एक बाजू गळून पडली आणि पोटातला पंखा पहिल्यांदा उजेडात आला. मग ताराबाईंनी मला धुतले, पुसले, तेल दिले आणि टेबलावर ठेवले. मुली भोवती जमल्या. पाणी कुठून येते, कुठे फेकले जाते, नाव पुढे का सरकते, हे ताराबाईंनी त्यांना माझा पंखा हाताने फिरवून दाखवले. मग तुटलेल्या पाकळीवर बोट ठेवले आणि ते झाड, ती पेटी, मनकर्णाबाईंचे मनगट, सगळे सांगितले. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले की जाळी चपटी न करता फुगीर केली असती तर कचरा बाजूला घसरला नसता का. ताराबाईंनी फळा पुसला आणि त्या मुलीला पुढे बोलावले.

तेव्हापासून दर वर्षी नव्या मुली येतात. कोणी पंखा जोरात फिरवते, कोणी माझ्यात पेन्सिलीची टरफले टाकते. मी सहन करतो.

पण मित्रांनो, सध्या मला एक नवी काळजी लागली आहे. शाळेत प्रदर्शन भरणार आहे. बाहेरचे पाहुणे यायचे आहेत. ताराबाई आजारी रजेवर आहेत आणि शाळेतल्या कोणीतरी चांगल्या मनाने ठरवले आहे की मला हिरवा रंग द्यावा आणि मोडक्या पंख्याच्या जागी नवा बसवावा, म्हणजे टेबल शोभेल. रंगाचा डबा येऊन पडला आहे. म्हणून मी तुम्हाला हात जोडतो, हात नसले तरी. मला स्वच्छ ठेवा. पावसाळ्यात माझ्यात पाणी साचू देऊ नका. जमले तर महिन्याकाठी तेलाचा थेंब द्या. रंगही द्यायचा तर द्या, माझी तक्रार नाही. पण ती तुटलेली पाकळी काढू नका. नवा पंखा बसवलात तर तुम्हाला पंप कसा चालतो ते कळेल. तो कुठे अडला, हे मात्र कोणाला कळणार नाही. आणि पुढच्या वर्षी मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला विचारायला काही उरणार नाही.